कडी काढली की लावली

बाबा घरातून निघून गेले, त्याच्या महिनाभर आधी त्यांनी आणि दादानं मिळून एक कॉम्प्युटर गेम संपवला होता. नंतरचं वर्ष-दीड वर्ष माझा भाऊ त्या गेमच्या शेवटाचा अर्थ शोधत राहिला आणि मी त्याला इंटरनेटवरचं इंग्रजी वाचून दाखवत राहिले. ऐकायला हे विचित्र वाटतं. आमच्या नातेवाइकांनाही वाटायचं. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही देवासला राहायचो. बाबा सांगलीकडचे. धारला त्यांची मोठी बहीण दिली होती, तिच्या ओळखीनं ते तरुणपणी माळव्यात आले आणि देवासच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. आम्हा दोघांचा जन्म इथलाच. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. दादा हिंदी शाळेत शिकला. माझ्या वेळेपर्यंत घरची परिस्थिती जरा सुधारली होती, म्हणून मला इंग्रजी शाळेत घातलं. मराठी वाचायला मला आईनं खूप उशिरा शिकवलं, आणि हे लिहितानाही ऱ्हस्व-दीर्घ मी तिलाच फोन करून विचारते आहे.

दोन हजार सालानंतर कधीतरी कारखान्याच्या गेटला कुलूप लागलं. पहिले काही महिने बाबा रोज डबा घेऊन गेटवर जायचे. बाकीचे कामगारही यायचे, नारे द्यायचे, दुपारी डबे खाऊन परतायचे. मग माणसं कमी होत गेली. शेवटी बाबाही घरी बसले. आमचे बाबा घरी बसलेले आम्ही कधी पाहिले नव्हते. ते कुठल्याही खोलीत पाहुण्यासारखे बसायचे, खुर्चीच्या अगदी कडेवर.

कॉम्प्युटर त्याआधीच घरात आला होता, दादाच्या कोर्ससाठी. दादाच्या एका मित्रानं इंदूरहून गेमची सीडी आणून दिली. एका दुपारी दादा खेळत असताना बाबा मागे येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन बसले. मग रोजचंच झालं. दादाच्या हातात माऊस आणि बाबा मागून, "उजवीकडे बघ. तिथं जिना दिसतोय." दादा मला नंतर म्हणाला होता, की आख्ख्या आयुष्यात बाबा त्याच्याशी एवढं बोलले नव्हते.

गेमची गोष्ट अशी होती. एक शहर पुरात बुडालेलं असतं. फक्त वरचे मजले पाण्याबाहेर राहिलेले. एक माणूस होडी घेऊन आपल्या बायकापोरांना शोधत घरोघर फिरतो. गोळीबार नाही, मारामारी नाही. नुसतं शोधणं. कुठे ओल्या भिंतीवर खुणा, कुठे मुलाची चप्पल. शेवटी त्याला एका घराच्या माडीवर उजेड दिसतो. तो जिना चढतो, दारावर हात ठेवतो, आणि पडदा काळा होतो. मग बनवणाऱ्यांची नावं वर सरकत जातात. सगळी नावं संपल्यावर, अंधारातच, कडीचा आवाज येतो. एकदाच. झालं, संपलं.

तो शेवट झाला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात होते. दादा चिडला. "हे काय? भेटले की नाही?" म्हणाला.  बाबा बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसले, मग "एवढंच होय," असं म्हणून उठले आणि चप्पल घालून बाहेर गेले.

महिन्याभरानं एका सकाळी ते दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि परत आले नाहीत. दुधाची बरणी कॉलनीच्या पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर मिळाली, रिकामी, झाकण लावलेली.

पहिले काही दिवस मला नीट आठवत नाहीत. पोलीस थान्यात गुमशुदगीची, म्हणजे माणूस हरवल्याची, रपट लिहिली. दादा आणि शेजारचे काका, जे बाबांबरोबरच कारखान्यात होते, स्कूटर घेऊन सगळीकडे फिरले. बसस्टँड, स्टेशन, दवाखाने, टेकडीवरची देवळं, इंदूर, उज्जैन. धारहून आत्या आणि आतोबा आले. आतोबा निवृत्त शिक्षक, घरच्या देवळातली पूजा करणारे, हळू बोलणारे. ते आईला म्हणाले, "वहिनी, धीर सोडू नका. मनुष्य असा नाहीसा होत नसतो."

मग प्रत्येकानं आपापला अर्थ लावायला सुरुवात केली. आत्याचं म्हणणं होतं की भाऊ नर्मदा परिक्रमेला गेला, लहानपणापासून त्याला ओढ होती. काकांना वाटायचं की युनियनच्या भानगडीत कुणीतरी धमकावलं असणार. एक शेजारीण दबक्या आवाजात दुसऱ्या बाईबद्दल बोलून गेली. आई कुणालाच काही म्हणत नव्हती. दादा बाबांचं सामान पुन्हा पुन्हा काढून बघायचा. दाढीचं सामान जागेवर होतं. घरात घालायचा सदराच अंगावर होता. चष्माही टेबलावरच राहिला होता.

"चष्म्याशिवाय त्यांना बसची पाटी वाचता येत नाही," तो मला म्हणाला. "म्हणजे लांब जायचं त्यांच्या मनात नव्हतं. हो ना?"

मी हो म्हटलं. 

याच दिवसांत त्यानं तो शेवट पुन्हा उघडला. बाबा त्या काळ्या पडद्यात एवढा वेळ काय बघत होते, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. बाबांना त्यात काहीतरी कळलं होतं आणि आपल्याला कळलं नाही, असं त्याला वाटायचं. ते कळलं तर बाबा कुठे गेले तेही कळेल, असं तो कधी उघड बोलला नाही. पण मी त्याच्या शेजारी बसायचे, मला ते दिसायचं.

बाजारातल्या एका सायबर कॅफेत त्याला त्या गेमचा फोरम सापडला. जगभरातले खेळणारे तिथं येऊन लिहायचे. त्या शेवटावर सगळेच चिडलेले. कुणी म्हणे आम्हाला फसवलं, कुणी म्हणे यासारखा शेवट आजवर झाला नाही. दादाला इंग्रजी जेमतेम यायचं, म्हणून कॉलेज सुटल्यावर मी त्याच्याबरोबर जायचे. कॅफेचा मालक आम्हाला बघितलं की म्हणायचा, "आओ भिया, तुम्हारा कोनेवाला खाली है." मी वाचायचे, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत सांगायचे. दादा डोळे मिटून ऐकायचा.

तिथं दोन तट पडले होते. एका बाजूचं म्हणणं, की कडी आतून काढली. म्हणजे बायको जिवंत आहे, तिनं दार उघडलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, की कडी बाहेरून लावली. म्हणजे त्यानं आत पाहिलं, किंवा पाहिलंच नाही, आणि दार बंद करून तो मागं फिरला. तिसराही एक गट होता, लहानसा. त्यांच्या मते तो माणूस पहिल्याच रात्री बुडाला होता आणि हे सगळं मेल्यानंतरचं आहे. तो भाग मी वाचायला लागले की दादा म्हणायचा, "हे सोड. पुढचं वाच."

लोक किती बारकाईनं बघायचे. कुणी त्या आवाजाचा आलेख काढून टाकला होता. कुणी गेममधली सगळी दारं मोजून कुठल्या दाराला कडी आणि कुठल्याला कुलूप ते लिहिलं होतं. होडीच्या दोराला बांधलेल्या गाठीवर पानंच्या पानं लिहिली होती. ही माणसं आपल्या घरची नाहीत, यांचा कुणी हरवलेला नाही, तरी यांना एवढी तळमळ का, असं मला वाटायचं. आणि त्याच वेळी त्यांचा आधारही वाटायचा. आमच्या कॉलनीत एव्हाना बाबांचं नाव निघणं बंद झालं होतं. फोरमवर मात्र त्या माणसाला रोज कुणीतरी शोधत होतं.

दादानं कोर्स सोडला. आई शिवणकाम करायला लागली. मी दोन शिकवण्या धरल्या. पावसाळा गेला, थंडी आली.

थंडीतच थान्यातून निरोप आला. लोहारदा गावाजवळ एका शेतातल्या विहिरीत प्रेत सापडलं होतं. वय, उंची जुळत होती. ओळख पटवायला घरचं कुणीतरी यायला हवं होतं. दादा आणि काका सकाळी निघाले. आई व्हरांड्यात पायरीवर बसली ती उठलीच नाही. मी चहा करून दिला, तो तसाच निवला. ती गुडघ्यावर हात ठेवून रस्त्याकडे बघत होती आणि दर थोड्या वेळानं डोक्यावरचा पदर सारखा करत होती, जसं काही कुणी मोठं माणूस येणार आहे.

दुपार कलल्यावर दादा फाटकातून आत आला. आईसमोर उभा राहून म्हणाला, "ते बाबा नाहीत."

आईनं तोंडावर हात ठेवला आणि ती हमसून रडायला लागली. तिला सावरून आत नेलं. दादा मागच्या अंगणात नळाखाली हात धूत बसला. धूतच बसला. मी जवळ गेले तर म्हणाला, "खरं सांगू? कपडा बाजूला केला तेव्हा वाटलं, हेच असूदेत. म्हणजे सुटलो. मग चेहरा बघितला, आणि मी निराश झालो. कळतंय का तुला? ते आपले बाबा नाहीत म्हणून मी निराश झालो."

त्याचे हात गार पाण्यानं लाल झाले होते. मी नळ बंद केला. 

त्यानंतर तो बाहेर पडेनासा झाला. हेडफोन लावून नावं संपल्यानंतरचा तो एक आवाज ऐकत बसायचा. एकदा आई शिवणयंत्रावरून उठली आणि त्याच्यापाशी गेली. "मला ऐकव," म्हणाली. त्यानं हेडफोन तिच्या कानाला लावले. तिनं एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं. दादा तिच्या तोंडाकडे बघत होता, डॉक्टरकडे बघावं तसा.

"काढली," आई म्हणाली. "आतून काढली कडी."

"नक्की?"

"मला तसं ऐकू आलं." आणि ती पुन्हा मशीनवर जाऊन बसली. तिच्या पायाखाली मशीन चालू झालं, पण कापड लावलेलं नव्हतं.

उन्हाळ्यात फोरमवर एकच गदारोळ झाला. ज्यानं तो गेम बनवला होता त्या माणसाची मुलाखत कुठल्याशा मासिकात आली होती. ती मी दादाला वाचून दाखवली. त्या शेवटाबद्दल आम्ही काहीच ठरवलं नव्हतं, असं त्यानं सांगितलं होतं. वेळ संपत आला होता, भेटीचा प्रसंग करायचा राहून गेला, म्हणून पडदा काळा केला. आणि तो कडीचा आवाज मुद्दाम घातलेला नव्हताच. गेममधल्या दुसऱ्या कुठल्या दाराचा आवाज चुकून शेवटी राहून गेला, नंतर कुणी काढला नाही.

दादा म्हणाला, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"खोटं बोलतोय," तो म्हणाला. "लोकांनी ओळखलं म्हणून असं सांगतोय."

फोरमवरही अर्ध्या लोकांचं तेच म्हणणं होतं. दादानं मला लिहायला लावलं. आजवर तिथं आम्ही एक अक्षर लिहिलं नव्हतं. तो हिंदीत सांगत गेला, मी इंग्रजी करत गेले. त्यानं सांगितलं ते साधारण असं होतं, की माणूस दारापर्यंत पोचतो आणि पुढं काय झालं हे कुणी ठरवलंच नव्हतं, असं म्हणून चालणार नाही. कुणाला तरी ते माहीत असलं पाहिजे. खाली दोघातिघांची उत्तरं आली. एकानं आमच्या इंग्रजीची टिंगल केली. एकानं लिहिलं, मित्रा, हा एक खेळ आहे, बाहेर जा, जरा ऊन खा. देवासमध्ये तेव्हा पंचेचाळीस डिग्री असेल. दादा हसायला लागला आणि त्याला ते हसणं थांबवता येईना. कॅफेतली माणसं वळून बघायला लागली. मी त्याला धरून बाहेर आणलं.

बाबांचा पत्ता लागला तो आतोबांमुळे. त्यांचा एक जुना विद्यार्थी धार जिल्ह्याच्या दक्षिणेला, डहीला, शाळेत शिकवत होता. आत्याचा परिक्रमेचा हट्ट, म्हणून आतोबांनी नर्मदेकडच्या आपल्या सगळ्या ओळखींना बाबांचा फोटो पाठवून ठेवला होता. त्या शिक्षकाचा फोन आला, की फोटोतले गृहस्थ इथं बाजारात मोटर वाइंडिंगच्या दुकानात काम करतात. शेतकऱ्यांच्या पंपाच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरतात.

आम्ही तिघं धारला आत्याकडे गेलो. आई तिथंच थांबली. "आधी तुम्ही बघून या," एवढंच म्हणाली. दादा आणि मी पहाटेच्या बसनं कुक्षीला आणि तिथून दुसरी बस धरून डहीला पोचलो.  बाजारात विचारल्यावर दुकान लगेच सापडलं.

बाबा जमिनीवर पोत्यावर बसले होते. मांडीवर मोटर, हातात तांब्याची तार. नाकावर काळ्या काड्यांचा नवा चष्मा. ते बारीक झाले होते, पण आजारी नव्हते. उलट घरी शेवटी शेवटी दिसायचे त्यापेक्षा बरे दिसत होते. मला तेच सहन झालं नाही.

त्यांनी वर पाहिलं. तार हातातून सोडली नाही. "आलात," म्हणाले. मग मालकाला म्हणाले, "सेठ, बच्चे आये हैं मेरे. थोड़ी देर में आता हूँ."

दुकानामागे त्यांची खोली होती. खाट, स्टोव्ह, दोन भांडी. त्यांनी आमच्यासाठी चहा टाकला. मी रडत होते. दादा भिंतीला टेकून उभा होता.

"आई धारला आहे," मी म्हटलं. "घरी चला, बाबा."

"कशी आहे ती?"

"तुम्हीच बघा ना येऊन."

ते चहा गाळत राहिले. "मला सांगता येणार नाही गं," म्हणाले. "त्या दिवशी मी काही ठरवून निघालो नव्हतो. दूधच आणायला निघालो होतो. कॉलनीच्या तोंडाशी बस उभी होती, चढलो. इंदूरला उतरलो, मग दुसरीत चढलो. परत फिरायचं रोज मनात यायचं. मग जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं. काय तोंड घेऊन येऊ? इथं मला कुणी विचारत नाही, आज कुठं जाऊन आलात म्हणून."

दादा पहिल्यांदाच बोलला. "बाबा, तो गेम. आपण दोघांनी संपवला होता. पाण्यातलं शहर."

"हां."

"शेवटी कडी वाजते. तुम्ही खूप वेळ बघत बसला होता. तुम्हाला काय वाटलं होतं? उघडली की लावली?"

बाबांनी आठवायचा खरंच प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घालून ते दादाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला शेवट आठवत नाही रे. मी पडद्याकडे बघायचो, पण डोक्यात दुसरंच चालू असायचं. तू शेजारी बसलेला असायचास, म्हणून बसायचो."

दादानं मान हलवली. चहा न घेताच तो बाहेर गेला.

बाबा आले नाहीत. मी हात जोडले, आईची शपथ घातली. ते नुसते मान खाली घालून बसले. परतताना कुक्षीच्या बसस्टँडवर दादा एकाएकी खाली बसला, धुळीतच, आणि त्याला उठता येईना. पाय चालतच नाहीत म्हणाला. बस सुटायची वेळ झाली होती, लोक आमच्या अंगावरून सामान नेत होते आणि मी त्याच्या काखेत हात घालून ओढत होते. "दादा ऊठ. दादा, मला एकटीला हे होणार नाही." एका म्हाताऱ्या आदिवासी भिलाल्यानं त्याला दुसऱ्या बाजूनं धरलं आणि आम्ही त्याला बसमध्ये चढवलं.

धारला पोचल्यावर मी आईला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "जेवतात का नीट?"

पुढच्या आठवड्यात ती एकटी डहीला गेली. काही दिवस राहिली आणि एकटीच परत आली. तिथं काय बोलणं झालं हे तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. आल्यावर दोन दिवस ती झोपून होती. तिसऱ्या दिवशी उठून तिनं मशीनला तेल घातलं आणि ब्लाउज शिवायला घेतले.

कॉम्प्युटर आम्ही विकला. दादाला पुढं पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली, तो शिफ्टला जायला लागला. फोरमचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. मी मात्र एकदोनदा कॅफेत जाऊन बघितलं. लोक अजून भांडत होते. बनवणाऱ्यानं सांगूनही त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि मग हेवा वाटला.

बाबा नंतर दिवाळीला यायला लागले, पाहुण्यासारखे.  ते कूलरची मोटर काढून साफ करायचे, पंख्यांना तेल द्यायचे, पुढच्या खोलीत झोपायचे आणि भाऊबीज झाली की निघायचे. आई फराळाचे डबे बांधून द्यायची. एका वर्षी मी तिच्यावर चिडले. "का जाऊ देतेस दर वेळी?"

"अडवलं आणि यायचेच थांबले तर?" आई म्हणाली.

दादा त्या दिवसांत मुद्दाम शिफ्ट लावून घ्यायचा. बाबा घरात असताना तो जेवायलाही थांबायचा नाही. असं तीन-चार दिवाळ्या चाललं. मग एका वर्षी बाबा पिशवी घेऊन फाटकापाशी गेले, तर दादानं स्कूटर काढली आणि ती चालू करून उभा राहिला. बाबा मागे बसले. दोघंही पुढे बघत होते.

तो खूप उशिरा परत आला. आईनं विचारलं, "एवढा वेळ?"

"बस भरली नव्हती, सुटतच नव्हती," दादा म्हणाला आणि हात धुऊन ताटावर बसला.